रविवारचे पाहुणे

माघ-फाल्गुनाच्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांचे मांडव घडांच्या भाराने वाकू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबई-पुण्याच्या मोटारी नाशिकची वाट धरतात. एकेकाळी नाशिकला जावयाचे ते रामकुंडात स्नान करावयास, काळ्या रामाचे दर्शन घ्यावयास, नाही तर त्र्यंबकेश्वरी एखादा विधी उरकावयास. आज त्याच गोदावरीच्या वरच्या अंगास, गंगापूर धरणाच्या परिसरात, निराळ्याच यात्रेकरूंची दाटी झालेली असते. हे यात्रेकरू वायनरी पाहतात, चार-सहा प्रकारच्या वाइनची चव घेतात, धरणाच्या पाण्यावर सूर्य मावळत असता निवांतपणे जेवतात आणि सकाळी चुलीवरची मिसळ खाऊन परततात. हे पाहून जुनी मंडळी नाक मुरडतात आणि नवी मंडळी खांदे उडवितात. आमच्या मते दोघांचेही चुकते. जी गोष्ट आमच्या मध्यमवर्गाच्या सुटीचा भाग होऊन बसली आहे, तिच्याकडे केवळ नाक मुरडून किंवा केवळ खांदे उडवून भागणार नाही. तिचा विचारच करावयास हवा.

सुटी घेणे म्हणजे आळस नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांस २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा दिला, आणि खाजगी कचेऱ्यांतून तर तो त्यापूर्वीच रूढ झाला होता. लोकलच्या गर्दीत आयुष्याचे तास घालविणाऱ्या माणसाला दोन दिवस मोकळे मिळाले, तर ते त्याने मोकळ्या हवेत घालवावेत यात गैर ते काय? आमच्या आजोबांच्या काळी हवापालट म्हणजे मे महिन्यात वळकट्या आणि स्टोव्ह बांधून माथेरान किंवा महाबळेश्वर गाठणे. बाहेर खाणे म्हणजे तर घरच्या बाईच्या हाताचा अपमानच! इराण्याच्या आणि उडप्याच्या हॉटेलांनी ती समजूत हळूहळू पुसून टाकली. आज नवरा-बायको, मुले आणि आजी-आजोबा एका टेबलाशी बसून जेवतात आणि त्या दिवशी घरातल्या बाईलाही सुटी मिळते. हा बदल चांगलाच आहे, आणि त्याबद्दल कोणी खंत करीत बसण्याचे कारण नाही.

परंतु नाशिकची गोष्ट केवळ हवापालटाची नाही. तिच्या मुळाशी शेती आहे. नाशिकच्या द्राक्षांची ख्याती जुनी, पण तेथे वाइनचा उद्योग खऱ्या अर्थाने उभा राहिला तो या शतकाच्या उंबरठ्यावर. 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००१ साली, महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर येथे व सांगलीकडे पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरविले. २००५ साली 'सुला'ने आपल्या मळ्यातच टेस्टिंग रूम उघडली, आणि कारखाना हे सहलीचेही ठिकाण होऊ शकते हे प्रथमच सिद्ध झाले. आज नाशिक, दिंडोरी, इगतपुरीपासून थेट अकलूजपर्यंत वाइनचे कारखाने आहेत. जेथे मळा तेथेच कारखाना, जेथे कारखाना तेथेच जेवणाची आणि मुक्कामाची सोय, असा हा नवा संसार आहे.

या संसाराचा खरा कर्ता मात्र पाहुण्यांच्या दृष्टीस क्वचितच पडतो. तो म्हणजे द्राक्षबागाईतदार. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि त्यानंतर फळ हाती येईपर्यंत आभाळाकडे डोळे, असे त्याचे वर्ष असते. एका अवकाळी पावसाने किंवा एका गारपिटीने वर्षाची मेहनत मातीत जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट नाशिकचा शेतकरी अजून विसरलेला नाही. त्यातही वाइनच्या द्राक्षाचा प्रकार न्यारा. शिराझ, सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां या जातींचे मणी लहान, बियांचे आणि जाड सालीचे असतात. लाल वाइनला तिचा रंग मिळतो तो या सालीतूनच. पण म्हणूनच ती द्राक्षे खाण्यासाठी बाजारात विकता येत नाहीत. कारखान्याने पाठ फिरविली, की त्या घडांना दुसरा वाली नाही! २००८ नंतरच्या मंदीत नेमके हेच घडले. मागणी घटली, लहान कारखाने बंद पडले, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि कित्येकांनी पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेल्या वेली स्वतःच्या हातांनी उपटून टाकल्या. शेतकऱ्याच्या नावाने सवलती मागावयाच्या आणि संकट आले की शेतकऱ्यालाच उघड्यावर सोडावयाचे, हा न्याय पुन्हा होऊ देता कामा नये. करार लेखी असावा, दर हंगामापूर्वी ठरावा, पैसे ठराविक मुदतीत मिळावेत आणि या तिन्ही गोष्टींवर सरकारची नजर असावी. सवलत ज्याच्या नावाने दिली जाते, त्याच्या हाती ती कितपत पोहोचली, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे.

शेतकऱ्याचे नाव २०२२ च्या जानेवारीतही असेच गाजले. सुपरमार्केटमधून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा एका बाजूने 'महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होणार' असा गजर झाला, तर दुसऱ्या बाजूने 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद करण्यात आला. निर्णय अमलात आलाच नाही, आणि वाद जेथल्या तेथे राहिला. आमचे मत स्पष्ट आहे. वाइन हे मद्यच आहे. तिच्यात साधारणपणे बारा-तेरा टक्के अल्कोहोल असते आणि द्राक्षापासून झाली म्हणून ती द्राक्षासव ठरत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली बजावले आहे. जो घेतो त्याने ती आवडीखातर घ्यावी, पण तिला औषधाचे लेबल चिकटवू नये. त्याचबरोबर, ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे, ज्या राज्यात मद्य पिण्यास परवाना लागतो आणि तो एका दिवसापुरता चार-दोन रुपयांत गुत्त्यातच फाडून मिळतो, त्या राज्याने नीतीच्या गप्पा किती माराव्यात यालाही काही मर्यादा आहे! पाळला जात नाही असा कायदा, कायद्याविषयीचा आदरच कमी करतो.

आता या सुटीच्या सर्वांत गंभीर बाजूकडे वळू. ती म्हणजे परतीचा रस्ता. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाटाची दगदग वाचली. रस्ता सुधारला, वेग वाढला, आणि वेगाबरोबर धोकाही वाढला. टेस्टिंग रूममध्ये तीस मिलिलिटरचे पाच घोट घेतले, की एक भरलेला प्याला पोटात गेला, हा हिशेब साधा आहे. पण 'आम्ही फक्त चव घेतली' अशी समजूत करून घेऊन माणसे स्टिअरिंगमागे बसतात. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये तीस मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले, तर पहिल्याच गुन्ह्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, असे मोटार वाहन कायदा सांगतो. कायद्याचे राहू द्या. मागच्या सीटवर झोपी गेलेल्या मुलांचे काय? समोरून सायकलीवर घरी निघालेल्या मजुराचे काय? जाणकार चवदार घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात, आणि त्यासाठी भांडेही ठेवलेले असते. आपल्याकडे मात्र ते वापरणे कमीपणाचे वाटते. पैसे दिले म्हणून प्यालेच पाहिजे, हा हिशेब रसिकाचा नसून हावरटाचा आहे.

तथापि सारा भार माणसाच्या शहाणपणावर टाकूनही चालणार नाही. माणूस आपली मोटार घरी ठेवील असे वाटत असेल, तर त्याला दुसरे वाहन दिले पाहिजे. मुंबईहून नाशिकरोडपर्यंत आगगाडी उत्तम आहे. प्रश्न आहे तो तेथून पुढच्या पंधरा-वीस किलोमीटरांचा. नाशिक महानगरपालिकेची 'सिटीलिंक' बससेवा २०२१ पासून चालू आहे. तिने शनिवार-रविवारी गाड्यांच्या वेळा सांभाळून स्थानक आणि वायनऱ्या यांच्यात खास फेऱ्या ठेवाव्यात, रात्रीची परतीची बस असावी, आणि तिच्या खर्चाचा वाटा वाइन कारखान्यांनी उचलावा. ज्याच्या दुकानातून माणूस झुलत बाहेर पडतो, त्याने त्याला सुखरूप पोहोचविण्याची जबाबदारी झटकू नये. मोटार चालविणाऱ्याला कारखान्याने वाइनऐवजी द्राक्षाचा ताजा रस फुकट द्यावा. खर्च क्षुल्लक, पुण्य मोठे!

राहता राहिली जेवणाच्या टेबलाची गोष्ट. आपली सुटी ही दुसऱ्या कोणाची तरी दुप्पट कामाची पाळी असते, हे पाहुण्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. रविवारी दुपारी धावपळ करणारा वाढपी, भांडी घासणारी बाई, भट्टीपाशी उभा असलेला आचारी यांना त्या दिवशी सुटी नसते. त्यांच्यावर खेकसून कोणाची प्रतिष्ठा वाढत नाही. उलट बाजूने, बिलात 'सर्व्हिस चार्ज' सक्तीने लावण्याचा उपाहारगृहांना अधिकार नाही, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. ग्राहकाने तो निःसंकोच नाकारावा, आणि वाचलेले पैसे वाढप्याच्या हातावर ठेवावेत. तसेच, मोठ्या उपाहारगृहात इटालियन पदार्थ जरूर खावेत, पण गावातल्या खानावळीची भाकरी, ठेचा आणि मिसळ यांनाही आपल्या खिशातला वाटा मिळू द्यावा. पर्यटनाचा पैसा एकाच फाटकाच्या आत फिरत राहिला, तर गावाच्या वाट्यास फक्त धूळ आणि हॉर्न उरतात.

आणखी एक गोष्ट. ज्या धरणाच्या काठी बसून आपण प्याले उंचावतो, त्याच गंगापूरचे पाणी नाशिक शहर पिते आणि दुष्काळाच्या वर्षी त्याच पाण्याकडे मराठवाडा डोळे लावून बसतो. त्या काठावर बाटल्या फोडणे आणि प्लास्टिक टाकणे हा केवळ अस्वच्छपणा नव्हे, ती कृतघ्नता आहे.

कोल्ह्याप्रमाणे द्राक्षांना आंबट म्हणणे आम्हांस मंजूर नाही. द्राक्षे गोड आहेत, मळे सुंदर आहेत, आणि कष्टाने मिळविलेल्या सुटीचा आनंद घेण्याचा मध्यमवर्गाला पूर्ण अधिकार आहे. परंतु आपल्याकडे पाहुण्यालाही काही धर्म सांगितला आहे. ज्याच्या घरी जेवावे, त्याच्या घराची राख करू नये, त्याच्या कष्टांची जाणीव ठेवावी आणि आपल्या पायांनी सुखरूप घरी परतावे. सरकारने बस द्यावी, कारखान्यांनी शेतकऱ्याचा हिशेब चोख ठेवावा आणि पाहुण्यांनी आपला तोल सांभाळावा. एवढे झाले, तर या नव्या यात्रेला नाक मुरडण्याचे कोणालाही कारण उरणार नाही.