यकृतविकाराचा अपुरा हिशेब

यकृताचा विकार म्हणजे मद्यपानाचे फळ, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गातही घट्ट रुजलेली आहे. मद्याने यकृताचे काठिण्य जडते व पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, हे निर्विवाद आहे. परंतु ही अर्धी गोष्ट पुरी मानल्याने दोन अनर्थ घडतात. मद्याला कधीही न शिवलेला रुग्ण लोकापवादाच्या भीतीने आजार लपवितो. आणि ज्या कारणांचे निवारण शासनावाचून होणे नाही, ती चर्चेबाहेरच राहतात.

वस्तुतः जगभर यकृताच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण हिपॅटायटिस ‘बी’ हा विषाणू आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत ओसरते. ‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू मात्र रक्तातून व दूषित सुईतून शिरतात आणि वर्षानुवर्षे निमूटपणे यकृत पोखरीत राहतात. ‘बी’ तर प्रसूतीच्या वेळी मातेकडून अर्भकाकडेही जातो. प्रौढपणी झालेली त्याची बाधा बहुतांशी निवळते. जन्मसमयी झालेली बाधा दहापैकी नऊ अर्भकांत कायम राहते. म्हणूनच जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस देणे अगत्याचे ठरते.

तैवानने १९८४ साली अर्भकांसाठी ही लसमोहीम सुरू केली आणि पुढील काळात तेथील मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. आपल्याकडे ही लस सरकारी कार्यक्रमातून सर्व राज्यांत पोहोचावयास २०११ साल उजाडले. आज महाविद्यालयांत शिकणारे बहुतेक विद्यार्थी त्यापूर्वी जन्मलेले आहेत, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

धान्याची साठवण हाही असाच दुर्लक्षित प्रश्न. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष दीर्घकाळ अल्प प्रमाणात पोटात गेले तरी कर्करोगाला कारण होते. मका व शेंगदाणा कोरडा ठेवणे गरीब शेतकऱ्याला एकट्याने साधणारे नव्हे. बैठ्या नोकरीतील लठ्ठपणा व मधुमेह यांमुळेही यकृतावर चरबी साचते. तेव्हा पांढरपेशा वर्गानेही निश्चिंत राहू नये.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. मद्यावरील उत्पादन शुल्क राज्याच्या जमेच्या बाजूस ठळकपणे मांडले जाते. रुग्णाच्या उपचारापायी विकलेले दागिने, बुडालेली मजुरी आणि मुलांचे थांबलेले शिक्षण यांची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. नफा सार्वजनिक आणि तोटा खाजगी, असा हा विपरीत व्यवहार आहे.

दारूबंदीचा जुना वाद येथे उकरण्याचे कारण नाही. या महसुलाचा ठरावीक हिस्सा रक्ततपासणी, जन्मसमयीची लस आणि धान्याची कोरडी गोदामे यांसाठी राखून ठेवावा, एवढीच मागणी आहे. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची सोय आहे. शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी ती घरोघर सांगावी. रुग्णाच्या चारित्र्याची चौकशी करण्यापेक्षा त्याच्या रक्ताची वेळीच तपासणी होणे, हे अधिक माणुसकीचे आणि अधिक काटकसरीचेही आहे.