ग्रामीण इंटरनेट : वेगाइतकीच दुरुस्तीही निर्णायक

बंगळुरू : नोकरी बंगळुरूतील माहिती तंत्रज्ञान कंपनीत आणि मुक्काम बेळगाव, कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गातील गावी, ही व्यवस्था कोरोनाकाळात अनेक कुटुंबांनी अनुभवली. ती पुढे टिकेल की नाही, हे बहुतांशी गावातील घरापर्यंत पोहोचणाऱ्या इंटरनेट जोडणीवर अवलंबून आहे. फायबर, ५जी आणि उपग्रह असे तीन मार्ग आता उपलब्ध होत असले, तरी जाहिरातीतील वेगाच्या आकड्यावरून त्यांतील योग्य मार्ग ठरत नाही.

केंद्र सरकारने २०११ मध्ये ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेस मंजुरी दिली. पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या योजनेत दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती सेवेसाठी सज्ज झाल्या. तथापि पंचायत कार्यालयापर्यंत तार पोहोचणे आणि वाडीवरील घरात इंटरनेट चालू राहणे यांत मोठे अंतर आहे. रस्तारुंदीकरणात तुटलेल्या तारा, खंडित वीज आणि रखडलेली देखभाल यांमुळे ते अंतर रुंदावले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच वर्तुळाकार जाळे, पर्यायी वीजव्यवस्था आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद करण्यात आली. वर्तुळाकार रचनेत तार एका ठिकाणी तुटली, तरी दुसऱ्या बाजूने सेवा सुरू राहू शकते.

घरापर्यंत फायबर येत असेल, तर प्रथम पसंती त्यालाच द्यावी. मात्र तार तुटल्यास दुरुस्तीला किती दिवस लागतात, याची चौकशी शेजाऱ्यांकडे आधी करावी. जुन्या टेलिफोनला तांब्याच्या तारेतूनच वीज मिळत असे. काचेच्या तारेतून ती येत नाही. त्यामुळे भारनियमनाच्या काळात घरातील यंत्रासाठी बॅटरीची सोय अपरिहार्य ठरते.

५जी मनोऱ्यावरून मिळणाऱ्या बिनतारी जोडणीस खोदकाम लागत नाही; पण मनोऱ्याची क्षमता परिसरातील सर्व ग्राहकांत विभागली जाते. मध्ये डोंगर किंवा दाट झाडी असल्यास संदेश क्षीण होतो. म्हणून वर्षभराचे पैसे भरण्यापूर्वी महिनाभर, विशेषतः रात्री आठ ते दहा या वेळेत, सेवा पारखणे शहाणपणाचे आहे.

जेथे हे दोन्ही मार्ग खुंटतात, तेथे उपग्रहाचे महत्त्व वाढते. बंगळुरूस्थित इस्रोचा जीसॅट-११ हा उपग्रह २०१८ पासून, तर जीसॅट-एन२ हा २०२४ पासून अवकाशात आहे. भूस्थिर कक्षा सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने संदेश जाऊन उत्तर येण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. टपाल व पैशांच्या व्यवहारांना हा विलंब चालतो, दृक्‌श्राव्य बैठकीत मात्र तो खटकतो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरत असल्याने तेथे विलंब पुष्कळ कमी होतो. या कंपनीस २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांतील दुर्गम भागांसाठी तिच्याशी इरादापत्र केले. तथापि अशा सेवांच्या लहरी मुसळधार पावसात दुबळ्या होतात, हे कोकणातील ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

नियामक प्राधिकरणाच्या शिफारशीनुसार ब्रॉडबँडसाठी किमान वेग २ मेगाबिट प्रतिसेकंद मानला जातो. वेगासाठी अशी किमान मर्यादा आहे, तशीच ग्रामीण जोडणी महिन्यातून किती तास बंद राहिली, याची गावनिहाय नोंद जाहीर होणे आवश्यक आहे. ती नोंद हाती असेल, तर कुटुंबाला जोडणी डोळसपणे निवडता येईल आणि ‘सज्ज’ म्हणून गणलेल्या पंचायतींतील किती घरांत सेवा खरोखर चालते, हेही स्पष्ट होईल.