गुणवंतांना मराठीतून पेपर का नाही?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपण गुणवंतांचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, ‘डॉक्टर हो, आयआयटीत जा’ असा आशीर्वाद देतो. पण बेळगावात मराठी माध्यमातून शिकलेल्या हुशार मुलाच्या वाटेत कोणती अडचण आहे, हे किती पालकांना ठाऊक आहे?

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ २०१७ पासून आणि अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ २०२१ पासून मराठीत देता येते. मात्र मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातील केंद्रांवरच. बेळगावच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि कन्नड मिळते; मराठी मिळत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मुलांनाही ती मिळत नाही. उर्दूची सोय देशभर होऊ शकते, तर जिथे मराठी शाळा आहेत तिथे मराठीची का होऊ नये? प्रश्नपत्रिका तर तयारच असते. प्रश्न फक्त केंद्र वाढवण्याचा आहे.

राज्यघटनेच्या ‘३५०ब’ कलमात भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकाऱ्याची तरतूद आहे. त्यांच्याकडे आणि राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे ठिकठिकाणच्या मंडळांनी मिळून निवेदन द्यावे.

पालकांनीही एक ध्यानात ठेवावे. आयआयटीची शेवटची पायरी, ‘जेईई अ‍ॅडव्हान्स्ड’, फक्त इंग्रजी व हिंदीत असते. त्यासाठी मराठी शाळा सोडण्याचे कारण नाही. आठवीपासून गणित-विज्ञानातील संज्ञा मराठीबरोबर इंग्रजीतूनही पक्क्या करून घ्याव्यात.

सत्कार जरूर करू. पण यंदा त्याच मांडवात या निवेदनावर प्रत्येक मराठी घराची सही घेऊ.