आखाजीच्या दोन घागरी

अक्षय्य तृतीयेची ‘आखाजी’ कशी झाली, हे वर्गात फळ्यावर सोडवून दाखविता येते. पण त्या दिवशी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दोन घागरी का भरतात, याला व्याकरण पुरत नाही.

पहिली घागर घरातली, पितरांची. नैवेद्य दाखवायचा आणि गेलेल्यांना ऐन उन्हाळ्यात पाणी पाजायचे. तिकडे आफ्रिकेत, घानातल्या अकान लोकांचा ‘अक्वासिदाए’ दर ४२ दिवसांनी रविवारी येतो. तेव्हा पूर्वजांच्या आसनांपुढे अन्न अन् पेय ठेवतात. अशान्ती मुलखात तर गुरुवार भूमातेचा. त्या दिवशी जमिनीला कुदळ लावायची नाही. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू न ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी घागर जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची. आखाजीच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखून कडेने अठरा धान्ये मांडतात. मध्ये खड्डा, त्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याची घागर. पानसुपारी म्हणजे राजा. लोकशाही आली तरी हे पद तिथे शाबूत आहे! रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे चंद्रभान महाराजांचे वंशज घट पाहून पीकपाणी सांगतात आणि शेतकऱ्यांची ही गर्दी लोटते.

याला शास्त्राचा आधार नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचे म्हणणे खरेच आहे. ढेकूळ भिजते ते घागरीमुळे, ढगामुळे नव्हे. पण पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचे खारे पाणी पिकाला चालत नाही. सारी भिस्त आभाळावर. हवामान खाते एप्रिलात साऱ्या देशाचा अंदाज सांगते, ८७ सेंटीमीटर सरासरीच्या इतके टक्के म्हणून. शेतकऱ्याचा प्रश्न असतो, माझ्या शिवारात जूनमध्ये पडेल का? घट निदान महिन्याचे नाव तरी घेतो.

त्या भागातल्या एका विद्यार्थ्याला मी विचारले, “तुमच्याकडे घटावर विश्वास ठेवतात का रे?”

“बाबा दरसाल ऐकायला जातात, सर. पण पेरतात मात्र वीतभर ओल गेल्यावरच.”

“आणि बाकीचे?”

“थोरल्या भावानं एका वर्षी घट ऐकून धूळपेरणी केली. बियाणं दुसऱ्यांदा आणावं लागलं, उधारीवर.”