अश्वत्थाम्याला तेल कोण देणार?

आपल्याकडच्या पौराणिक फँटसीवर माझा राग आहे, पण तो नेहमीचा राग नाही. ‘मूळ कथा बदलली’, ‘भावना दुखावल्या’ म्हणत ओरडणाऱ्यांच्या रांगेत मी उभी नाही. कथा बदलू देत. शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाला स्वतःच्या तोंडून बोलायला लावलं, आणि मराठी घरांमध्ये पुढे तोच कर्ण खरा मानला गेला. आजीनं सांगितलेलं महाभारतही पोथीबरहुकूम कधीच नव्हतं.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ही पुस्तकं आणि हे सिनेमे पुराणांतून अस्त्रं उचलतात आणि त्यांची किंमत तिथेच टाकून येतात.

उदाहरण एकच घेते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. अश्वत्थामा.

सध्या त्याला चांगले दिवस आलेत. २०२४च्या ‘कल्की २८९८ एडी’मध्ये अमिताभ बच्चन यांनी त्याची भूमिका केली. ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ या जपानी मोबाइल गेममध्ये तो ‘आर्चर’ गटातला योद्धा आहे. रीलवर तर तो कायमच असतो: चिरंजीव, अजिंक्य, संतापलेला, मागे ढोल वाजतायत. अँटीहीरोला आणखी काय लागतं?

आता त्यानं केलं काय, ते बघू. महाभारताच्या सौप्तिकपर्वात ते सगळं आहे.

दुर्योधन मांड्या फुटून पडलाय. अश्वत्थामा, त्याचा मामा कृप आणि कृतवर्मा जंगलात एका वडाखाली थांबलेत. रात्री एक घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना मारतं. ते बघून अश्वत्थाम्याला युक्ती सुचते. कृप सांगतो, सकाळपर्यंत थांब. तो थांबत नाही. पांडवांच्या छावणीत शिरून झोपलेली माणसं मारत सुटतो. धृष्टद्युम्न म्हणतो, निदान शस्त्रानं तरी मार. त्याला तो लाथांनी तुडवून मारतो. द्रौपदीचे पाचही मुलगे जातात. जीव घेऊन पळणाऱ्यांना दारावर कृप आणि कृतवर्मा गाठतात, आणि मग छावणीला आग लावतात.

त्याचा संताप खोटा नव्हता, हेही महाभारत लपवत नाही. त्याच्या बापाला पांडवांनी खोटं बोलून मारलं होतं. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण आजही गुळमुळीत उत्तर देणाऱ्याला उद्देशून म्हणतो, ते त्याच्याच मरणाच्या अफवेवरून आलंय. म्हणजे कारण होतं, आणि तरीही माफी नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवायला ताकद लागते. व्यासांकडे ती आहे.

पुढे पांडव त्याला गाठतात तेव्हा तो गवताची एक काडी उचलतो, मंत्रतो आणि सोडतो. ते ब्रह्मशिर अस्त्र असतं. अर्जुनही तेच सोडतो. व्यास आणि नारद दोघांच्या मध्ये येऊन उभे राहतात. अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते सोडता येतं, मागे घेता येत नाही. मग तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो.

या अस्त्राचे नियम बघा. द्रोणांनी ते मुलाला मनाविरुद्ध, त्यानं हट्ट धरला म्हणून शिकवलं होतं आणि बजावलं होतं की कितीही संकट आलं तरी माणसांवर सोडायचं नाही. ते परत घ्यायला मनावर ताबा लागतो, नुसता मंत्र पुरत नाही. आणि जिथे हे अस्त्र दुसऱ्या अस्त्रानं अडवलं जातं, तिथे बारा वर्षं पाऊस पडत नाही. परत वाचा. बारा वर्षं दुष्काळ. लढणारे दोघं घरी जातील, पण ज्याचा या भांडणाशी काही संबंध नाही त्या शेतकऱ्याचं रान बारा वर्षं कोरडं राहील.

फँटसी वाचणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. ‘मॅजिक सिस्टिम’ म्हणून आपण ज्यावर तासन्‌तास वाद घालतो, ती हीच. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मध्ये काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काहीतरी द्यावं लागतं, म्हणून ती मालिका आपल्याला हलवते. फुकटची जादू आपण परक्यांकडून खपवून घेत नाही. आपल्या गोष्टी आल्या की मात्र फक्त स्फोट किती मोठा झाला ते मोजतो.

याच पर्वात आणखी एक प्रसंग आहे. पूर्वी एकदा अश्वत्थामा द्वारकेला गेला आणि कृष्णाला म्हणाला, माझं ब्रह्मशिर घे आणि तुझं सुदर्शन चक्र मला दे. कृष्ण म्हणाला, उचल. यानं आधी डाव्या हातानं प्रयत्न केला, मग उजव्या. चक्र जागचं हललं नाही. थॉरचा हातोडा आठवला ना? पण मार्व्हलमध्ये प्रश्न असतो तो हातोडा उचलण्याच्या लायकीचा कोण, हा. इथे कृष्ण वेगळंच विचारतो: हे घेऊन तू कोणाशी लढणार होतास? अश्वत्थामा सरळ सांगतो, तुझ्याशी. शस्त्र मागणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, आणि आपल्या नव्या पौराणिक फँटसीत तो कुणी विचारताना दिसत नाही.

तिथे काय होतं? अस्त्राचं क्षेपणास्त्र होतं, विमानाचं विमान होतं, आणि वाचकाची छाती फुगते की हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. आमिशच्या २०१०च्या ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’त सोमरसाचं काम रसायनशास्त्राच्या भाषेत समजावून दिलंय. त्या मालिकेचं एक मात्र मान्य करायला हवं: सोमरसाची किंमत नागांना मोजावी लागते, हा प्रश्न तिथे पुढे येतो, आणि तोच तिचा सर्वांत जिवंत भाग आहे. तिच्या यशानंतर आलेल्या लाटेनं मात्र रसायन उचललं आणि नागांना विसरली.

विज्ञान घालायलाही माझी हरकत नाही. ‘मृत्युंजय’ आलं त्याच १९६७ साली अमेरिकेत रॉजर झेलाझनीची ‘लॉर्ड ऑफ लाइट’ आली. दूरच्या ग्रहावर पोचलेले काही प्रवासी यंत्रांच्या जोरावर हिंदू देव होऊन बसतात आणि बाकीच्या माणसांना दाबून ठेवतात, अशी ती गोष्ट. झेलाझनी विज्ञान आणतो ते देव होऊन बसलेल्यांना जाब विचारण्यासाठी. आपण आणतो ते आरती ओवाळण्यासाठी. युक्ती एकच, पण पाठीचा कणा वेगळा.

‘कल्की’बद्दल बोलतानाही मी अन्याय करणार नाही. सिनेमा सुरू होतो तोच उत्तरेच्या गर्भावरच्या हल्ल्यापासून आणि कृष्णाच्या शापापासून. ज्यानं गर्भावर अस्त्र सोडलं, त्यालाच हजारो वर्षांनी एका गर्भाची राखण करायला लावायची, ही कल्पना थोर आहे. पण मग ती वापरा ना! तो त्या बाईच्या समोर उभा राहतो तेव्हा त्याला उत्तरा आठवते का? आपण कोणाच्या हाती सोपवलो गेलोय हे कळल्यावर तिचा थरकाप उडतो का? या प्रश्नांसाठी सिनेमाकडे वेळ नाही, कारण हाणामारी पुढे आहे. गुन्हा हा त्याच्या एंट्रीचा मसाला होतो. शेवटी कर्णाचं नाव आलं की टाळ्या पडतात. उत्तरेसाठी कुणी टाळी मागत नाही, पण निदान एक शांत मिनिट तरी?

‘अगं, मनोरंजन आहे, एवढं काय मनावर घेतेस?’ हे मला ऐकवलं जाईल. घेते, कारण या गोष्टींचा उपयोग आपण विसरतोय. फाळणीनंतर धर्मवीर भारतींना ‘अंधा युग’ लिहावंसं वाटलं, तेव्हा त्यांनी अर्जुन नाही निवडला, अश्वत्थामा निवडला. १९६३ साली इब्राहिम अल्काझींनी ते नाटक दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या भग्न अवशेषांत केलं. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला का मारलं हे बोलायला या देशाला शब्द सापडत नव्हते, आणि ते या कथेत होते. झोपलेल्या वस्तीवर रात्री पडलेला बॉम्ब, न जन्मलेल्या पिढीवर धरलेला नेम, ‘त्यांनी आधी केलं’ हे समर्थन: आज फोन उघडला की हे दिसतं. ते समजून घ्यायची भाषा आपल्या घरात आहे. तिचं आपण पोस्टर करतोय.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ‘आपले योद्धे कसले भारी होते’ एवढंच सांगितलं, तर आपल्याच बाजूचा माणूस भयंकर चुकू शकतो हे त्याला कोण सांगणार? व्हॉट्सअॅप तर नाहीच सांगणार.

भागवतात द्रौपदी अश्वत्थाम्याला सोडायला सांगते. माझ्यासारखं त्याच्या आईला रडावं लागू नये, म्हणते. पाच मुलं गमावलेली बाई हे म्हणते. एवढा मोठा प्लॉट ट्विस्ट कोणत्या फ्रँचायझीत आहे, मला दाखवा.

आणि आपल्या लोकांनी काय केलं बघा. महाभारतातला शाप असा की तीन हजार वर्षं तू एकटा भटकशील, अंगाला रक्ता-पुवाचा वास येईल आणि तुझ्याशी बोलायला कुणी नसेल. लोकांनी त्याच्या कपाळावर भळभळती जखम दिली आणि त्याला तेल मागत दारोदार पाठवलं. नर्मदा परिक्रमा करणारे तो भेटल्याच्या गोष्टी सांगतात. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीच्या दिवसांत यात्रा भरते, हजारो आदिवासी भाविक डोंगर चढतात, आणि तिथला अस्तंबा ऋषी म्हणजे अश्वत्थामाच असं मानलं जातं. वाट चुकलेल्याला तो वाट दाखवतो म्हणतात.

ही खरी फॅनफिक्शन. लोकांनी त्याचा गुन्हा पुसला नाही, त्याची जखमही बुजवली नाही. पण तो तेल मागायला आला, तर त्याच्याशी बोलावं लागतं. शापातली बोलायला कुणी नसण्याची अट कुणा सुपरहीरोनं नाही, वाटीभर तेल घेऊन दारात आलेल्या बाईनं मोडली.

लिहिणाऱ्यांनो, तुमच्यात कुणी पौराणिक फँटसी लिहीत असाल, तर खुशाल लिहा. अंतराळात न्या, पुण्याच्या मेट्रोत बसवा, अश्वत्थाम्याला मुलगी करा. फक्त ते अस्त्र उचलाल तेव्हा बारा वर्षांचा दुष्काळही सोबत घ्या. तो वगळून उरतं ते महाभारत नाही, फटाक्यांचं दुकान आहे.