पांढरे दिसले की फवारा

चेन्नईच्या गच्चीवर जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस धरला की पुढचे ठरलेले असते. फोनवर फोटो निघतो, ॲप ‘मिलीबग’ म्हणजे पिठ्या ढेकूण असा शेरा मारते, माळी ‘मावुपूच्ची’ म्हणून मान डोलावतो आणि फवाऱ्याची बाटली बाहेर येते. त्या कापसातला एखादा जीव पिठ्या ढेकूण नसून पिठ्या ढेकणाला खाणारा असेल, ही शंका कोणाला येत नाही. क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी अंगावर तसेच मेणाचे झुपके घेऊन फिरते. हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातला. १८९८ साली तो मुद्दाम भारतात आणला गेला. एपफ्लाय या फुलपाखराची अळी तर पिठ्या ढेकूण खाऊन त्यांचीच पांढरी पूड अंगावर बाळगते. म्हणजे रखवालदारच आधी मरतो. चोर मेणाखाली बऱ्याचदा वाचतो.

अशा गफलती या शहराला नव्या नाहीत. कंपनी सरकारचे मद्रासमधले वैद्य डॉ. जेम्स अँडरसन यांना १७८६ साली तिथल्या गवतावर एक कीटक सापडला. किरमिजी रंग देणारा कोचिनील तो हाच, असे त्यांनी धरले. या रंगाचा मक्ता तेव्हा स्पेनकडे होता, त्यामुळे उत्साहाला सुमार राहिला नाही. लंडनला सर जोसेफ बँक्स यांना पत्रांवर पत्रे गेली, ती मद्रासेत छापूनही निघाली. कीटक मात्र कोचिनील नव्हता. तरी कोचिनील पोसायला सैदापेठेत निवडुंगाची बाग उभी राहिलीच. पुढे १७९५ साली ब्राझीलहून ‘खरा कोचिनील’ म्हणून जो कीटक भारतात आला, तोही त्याचा हलक्या रंगाचा भाऊबंद निघाला. रंगाचा धंदा बसला नाही. निवडुंगाची एक जात मात्र या कीटकाने फस्त केली. कीटकाने तण हटवल्याचे हे जगातले पहिलेवहिले उदाहरण मानतात. चुकीतून झालेला असा फायदा दर वेळी पदरात पडत नाही.

नाव बरोबर लागले की काय होते, तेही तमिळनाडूनेच पाहिले आहे. २००८ साली कोईमतूरला पपईवर एक परका पिठ्या ढेकूण आढळला. पपईबरोबर तुती आणि टॅपिओकाही त्याच्या तावडीत सापडले. औषधे मारून शेतकरी थकले. पण कीटक नेमका कोणता हे कळल्यामुळे त्याचा मूळ मुलूख मेक्सिकोच्या बाजूला आहे, हे कळले आणि तिकडचा त्याचा शत्रू शोधता आला. २०१० साली ॲसेरोफॅगस ही इवलीशी परजीवी गांधीलमाशी प्वेर्तो रिकोहून आणून सोडली गेली. बघता बघता बागा सावरल्या.

कुंडीतल्या रोपासाठी एवढा खटाटोप नको. काडीने डिवचून पाहा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, आणि त्याच्याभोवती बहुधा मुंग्या घुटमळतात. लांब झालरींचा, आकाराने मोठा आणि लगबगीने पळणारा दिसला तर त्याला हात लावू नका. खात्री होत नसेल तर तेवढा शेंडा छाटा किंवा पाण्याच्या जोरकस धारेने धुऊन काढा. ॲपला फोटोत मेण दिसते, त्याखालचे पाय दिसत नाहीत. तेव्हा बाटली विकत घेण्याआधी एक साधे भिंग घ्या.