डब्यावरचा आकडा आणि घरातली भिंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एका राउटरवरून जवळजवळ पंधरा दिवस वाद चालला होता. कॉलेजच्या अंकात लिहायला हाच विषय मिळाला काय, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! ज्या वस्तूवर ताईची नोकरी, धाकट्याचा अभ्यास आणि आज्जीचे संध्याकाळचे कीर्तन अवलंबून आहे, ती वस्तू घेताना आपण मेथीच्या जुडीला घालतो तेवढीही हुज्जत घालत नाही, ही माझी तक्रार आहे.

आमचे घर वडगावातले, जुने. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून ताईची खोली. भिंती दगडमातीच्या, दीड हात रुंद. राउटर २०१६ साली घेतलेला, सोप्यात टीव्हीच्या मागे लोखंडी कपाटाला टेकवून ठेवलेला. कारण त्याची वायर दिसू नये अशी आईची इच्छा. ताई बंगळूरच्या एका कंपनीचे काम घरून करते. मीटिंग सुरू झाली की तिचा आवाज तुटायचा, चेहरा गोठायचा. साहेबांनी दोनदा सांभाळून घेतले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "मग इकडेच येऊन का राहत नाही?" ताई बंगळूरला जायची म्हणजे निम्मा पगार खोलीच्या भाड्यात जाणार, आणि इथे आईच्या गुडघ्यांकडे बघायला कोण?

पहिली चूक मीच केली. कोणालाही न विचारता १,६०० रुपयांचा रिपीटर आणला आणि ताईच्या खोलीत लावला. तिच्या लॅपटॉपवर दांड्या पूर्ण भरल्या, मी मिशीवर ताव दिला, आणि मीटिंग पूर्वीसारखीच तुटली. रिपीटर हा निरोप्या आहे. त्याला स्वतःलाच अर्धवट ऐकू येत असेल तर तो पुढे काय सांगणार? शिवाय साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, म्हणजे प्रत्येक निरोप दोनदा जातो आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. तो लावायचाच तर वाटेत, जिथे मूळ आवाज अजून धड ऐकू येतो तिथे लावावा. हे मला पैसे गेल्यावर कळले.

मग बाबा आणि मी दुकानात गेलो. दुकानदाराने सहा अँटेनांचा एक डबा काढला, वर ठळक आकडा ५४००. किंमत सात हजारांच्या आसपास. "हा घ्या, दहा वर्षे बघायला नको." बाबांचा हात खिशाकडे गेला. मी त्यांना अडवले नाही, कारण डब्यावरचे सारे इंग्रजीत होते, आणि चार माणसांत 'म्हणजे काय?' असे विचारणे आम्हां मराठी माध्यमवाल्यांना फार जड जाते. आपले अज्ञान दिसेल त्यापेक्षा सात हजार गेले तरी चालतील, असा हा हिशेब! सुदैवाने कार्डाचे मशीन बंद होते. उद्या येतो म्हणून आम्ही परतलो.

त्या रात्री मी त्या आकड्याची फोड केली. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. एकावर कागदोपत्री ५७४ मेगाबिट, दुसऱ्यावर ४८०४. बेरीज ५३७८, ती वर ओढून ५४००. खडेबाजारातल्या आणि शहापुरातल्या अशा दोन दुकानांची विक्री एकत्र करून पाटीवर लिहावी, तसा हा प्रकार. एक फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो, आणि आपले बहुतेक फोन त्या ४८०४ च्या पाव भागापर्यंतच पोचू शकतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्या घरात मुळात १०० मेगाबिटच येतात. दरमहा ४९९ रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. (हे वरचे ८९ रुपये ८२ पैसे कुठून आले, हा प्रश्न बाबा अजून दर महिन्याला विचारतात.) मेगाबिटला आठाने भागले की मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा. नळाला येईल तेवढेच पाणी; हौद कितीही मोठा बांधला म्हणून काय झाले?

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन घरभर मोजणी केली. थेट केबल लावून ९३. राउटरशेजारी बसून वाय-फायवर ४०. माजघरात १५. ताईच्या खोलीत ३, तेही दुपारी. म्हणजे कंपनीचा दोष नव्हता. दोष भिंतीचा, कपाटाचा, आणि थोडा त्या राउटरचा. तो फक्त २.४ वर बोलणारा. आमच्या बोळात फोनवर वीसेक शेजाऱ्यांची वाय-फाय दिसतात, आणि २.४ च्या पट्ट्यात एकमेकांना न घासणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११. ५ च्या पट्ट्यात वाटा पुष्कळ, पण ती लहर जाड भिंतीपुढे लवकर हरते. तेव्हा सात हजारांचा डबा टीव्हीमागे ठेवला असता तर ताई होती तिथेच राहिली असती. जाहिरातीत भिंत नसते.

फायबरचा डबा सोप्यातच राहू दिला. तिथून पंधरा मीटर केबल ४५० रुपयांत माजघरापर्यंत ओढली आणि जुनाच राउटर माजघरातल्या उंच फळीवर ठेवला. ताईच्या खोलीत १८ मिळू लागले. व्हिडिओ मीटिंगला तीनचार मेगाबिट पुरतात. आईने वायरीबद्दल दोन दिवस अबोला धरला, एवढेच.

इथे थांबलो असतो. पण संध्याकाळी सातनंतर सगळा बोळ घरी आला की तोच त्रास पुन्हा होई. आणि त्या राउटरला बनवणाऱ्यांकडून सुरक्षेच्या सुधारणा येणे केव्हाच बंद झाले होते, हेही तेव्हा पाहिले. माझ्या मते ही बदलण्याची खरी कारणे. तिसरे कारण म्हणजे जुन्या राउटरची १०० मेगाबिटची पोर्टे, पण ते दोनशे-तीनशेची योजना घेणाऱ्यांना. वाय-फाय ७ बाजारात आले, हे कारण नव्हे. त्याची प्रमाणपत्रे जानेवारी २०२४ पासून मिळू लागली, परंतु आमच्या घरात वाय-फाय ७ जाणणारा एकही फोन नाही. "चांगली वस्तू एकदाच घ्यावी," हे बाबांचे म्हणणे सागवानी पलंगाला लागू पडते, राउटरला नाही.

शेवटी २,८०० रुपयांचा साधा वाय-फाय ६ चा राउटर घेतला. दोन्ही पट्टे, सगळी पोर्टे गिगाबिटची, आणि सुधारणा किती वर्षे मिळणार हे या वेळी दुकानात मोठ्याने विचारून. वाय-फाय ६ मध्ये मला आवडलेली गोष्ट वेगाची नव्हे. पूर्वी एका खेपेला टेम्पो एकाच व्यापाऱ्याचा माल नेई, बाकीचे रांगेत. आता एकाच टेम्पोत चारपाच जणांची पोती बसतात. फोनही तसाच लागतो हे खरे, पण गर्दीच्या घराला हे ५४०० पेक्षा उपयोगी.

ताई अजून वडगावातच आहे. माझा रिपीटर माळ्यावर आहे आणि बाबांनी डायरीत त्याचे १,६०० माझ्या नावे मांडले आहेत. परवा शेजारच्या अक्कांनी कुंपणावरून विचारले, "याव राउटर तगोबेकु?" मी कन्नडमधूनच म्हटले की आधी तुमचा राउटर कुठे ठेवलाय ते दाखवा. तो तांदळाच्या पत्र्याच्या डब्यामागे निघाला.